डॉक्टर न होताही दवाखान्यात करिअर : हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए करण्याआधी हे नीट वाचा

कुरुंदवाड : घरातलं कुणी आजारी पडलं की आपल्या भागातला माणूस मिरजेची गाडी धरतो. जयसिंगपूर, सांगली, कोल्हापूर ही नावंही ठरलेलीच. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर आणि नर्स दिसतात. पण पेशंट दाखल करून घेणारा, रेशन कार्ड बघून योजनेची फाइल लावणारा, बिल काढणारा, ऑक्सिजन संपायच्या आत मागवणारा, कचरा नियमाने बाहेर जातोय का बघणारा माणूस वेगळाच असतो. या सगळ्या कामाला मिळून हॉस्पिटल मॅनेजमेंट किंवा हेल्थकेअर मॅनेजमेंट म्हणतात. एमबीएच्या पदवीत आता हा विषय स्पेशलायझेशन म्हणून घेता येतो.

शिरोळ तालुक्यातली बरीच मुलं-मुली बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. झाल्यावर "पुढं काय?" म्हणून थांबतात. बीएएमएस, बीएचएमएस, बी.फार्म. झालेल्यांनाही हा प्रश्न असतो. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात येते : "हॉस्पिटल मॅनेजमेंट करा, शंभर टक्के नोकरी." त्यातलं खरं किती, कोर्स कुठं आहे, प्रवेश कसा मिळतो, फी कशी कमी होते आणि कुठं फसवणूक होऊ शकते, याची ही माहिती.

हे काम नेमकं काय असतं?

पेशंटवर उपचार करणं डॉक्टरचं काम. उपचार वेळेवर, सुरक्षित आणि परवडेल असा व्हावा म्हणून बाकीची सगळी व्यवस्था लावणं मॅनेजरचं काम. काही उदाहरणं बघा.

• योजनेचं काम : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पेशंटला पैसे न भरता उपचार मिळतात. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर आली आणि २०१७ मध्ये तिला आताचं नाव मिळालं. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडल्यावर २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेलं. पण कार्ड दाखवलं की काम झालं असं नसतं. आरोग्यमित्राकडे नोंद, कागद अपलोड, ऑपरेशनला आधी मंजुरी, नंतर क्लेम, त्यावर आलेल्या शंकांना उत्तर अशी साखळी असते. एक रिपोर्ट चुकीचा चढला तरी मंजुरी अडकते आणि पेशंटचे नातेवाईक व्हरांड्यात बसून राहतात.

• विम्याचं काम : खासगी आरोग्य विम्याची कॅशलेस फाइल बघणाऱ्या टेबलाला टीपीए डेस्क म्हणतात. विमा नियामक आयआरडीएआयने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं आहे की कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. हे तीन तास पाळायचे तर दवाखान्याकडून कागद पूर्ण आणि वेळेत जायला लागतात.

• सुरक्षा : ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. औषध चुकलं म्हणून हे झालं नव्हतं. आगीचं ऑडिट, वायरिंग, टाकीची देखभाल, पर्यायी पुरवठा ही सगळी व्यवस्थापनाचीच कामं आहेत.

• कचरा : २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या डब्यात जायला पाहिजे. प्रत्येक वॉर्डमध्ये, प्रत्येक पाळीत हे होतंय का, ते कुणीतरी बघावं लागतं.

• नियम आणि हक्क : महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाला. खासगी रुग्णालयाने रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक लोकांना दिसेल असं लावणं आता बंधनकारक आहे.

आपल्या भागाला आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे महापूर. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने कुरुंदवाड आणि आसपासची गावं वेढली. अशा वेळी दवाखान्याचा जनरेटर तळमजल्यावर ठेवायचा की वर, डायलिसिसच्या पेशंटना आधीच कुठं हलवायचं, औषधांचा साठा किती दिवसांचा ठेवायचा, हे पाणी यायच्या आधी ठरवावं लागतं. पुस्तकात याला आपत्ती नियोजन म्हणतात. आपल्याकडच्या मुलांनी ते डोळ्यांनी बघितलंय.

स्पेशलायझेशन आणि पूर्ण कोर्स यातला फरक

इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. "हेल्थकेअर एमबीए" या एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी मिळतात.

१. साधं एमबीए, त्यात हेल्थकेअरचं स्पेशलायझेशन. पहिल्या वर्षी सगळ्यांना तेच विषय : अकाउंट्स, मार्केटिंग, मनुष्यबळ, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, ऑपरेशन्स. दुसऱ्या वर्षी मुख्य विषयासोबत हेल्थकेअरचे काही पेपर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या एमबीए अभ्यासक्रमात 'फार्मा अँड हेल्थकेअर मॅनेजमेंट' हे असंच दुय्यम स्पेशलायझेशन होतं. फायदा असा की दवाखान्यात जमलं नाही तर फायनान्स किंवा एचआरची नोकरी बघता येते. तोटा असा की दवाखान्याचं ज्ञान थोडंच मिळतं.

२. पूर्ण एमबीएच हॉस्पिटल आणि हेल्थकेअरचं. पुण्याच्या सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सायन्सेसमध्ये असा कोर्स आहे. प्रवेश त्यांच्या स्नॅप परीक्षेतून होतो. मुंबईच्या वेलिंगकर संस्थेत हेल्थकेअरचा पीजीडीएम आहे. पीजीडीएम म्हणजे पदव्युत्तर पदविका. एआयसीटीईची मान्यता असेल तर नोकरीच्या बाजारात ती एमबीएच्या बरोबरीने चालते.

३. एमएचए, म्हणजे मास्टर ऑफ हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, यासाठी जुनी आणि नावाजलेली. इथं सगळा भर दवाखाना चालवण्यावरच असतो. जागा कमी आणि चुरस जास्त.

४. दूरशिक्षण. इग्नूकडे हॉस्पिटल आणि आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका आहे. आधीच दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला नोकरी न सोडता पुढं जायचं असेल तर हा मार्ग सोयीचा. पात्रतेच्या अटी मात्र इग्नूच्या माहितीपत्रकात नीट वाचून घ्या. नव्याने शिकणाऱ्याला, ज्याने दवाखाना आतून बघितलेलाच नाही, त्याला नुसतं घरी बसून हे काम येणार नाही.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आणि सायबर, इचलकरंजीत डीकेटीई, सांगलीत भारती विद्यापीठ अशा संस्थांमध्ये एमबीए होतं. घरातून जाऊन-येऊन शिकायचं असेल तर आधी इथं चौकशी करा. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी एक प्रश्न स्पष्ट विचारा : "हेल्थकेअरचं स्पेशलायझेशन यंदा प्रत्यक्ष चालू आहे का आणि मागच्या वर्षी किती मुलांनी घेतलं?" कारण माहितीपत्रकात विषय छापलेला असतो, पण पुरेशी मुलं नसतील तर तो वर्ग भरतच नाही. मग मार्केटिंग नाहीतर एचआर घ्यायला लागतं.

पात्रता कुणाची?

एमबीएला कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गातल्या आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के. म्हणजे कुरुंदवाडच्या एस. के. पाटील महाविद्यालयातून पदवी घेतलेला मुलगाही पात्र आणि बीएचएमएस डॉक्टरही पात्र.

नर्सिंगवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. जीएनएम ही पदविका आहे, पदवी नाही. नुसत्या जीएनएमवर एमबीएला प्रवेश होत नाही. बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. असेल तर होतो. वॉर्डमध्ये काम केलेल्या नर्सला हे एमबीए फार उपयोगी पडतं, कारण दवाखाना कसा चालतो ते तिला आधीच माहीत असतं.

बारावीनंतर थेट या वाटेला यायचं असेल तर बीबीए करता येतं. कोणत्याही शाखेची बारावी चालते. बीबीए, बीसीए, बीएमएससाठी २०२४ पासून राज्य सीईटी कक्षाची वेगळी सीईटी सुरू झाली आहे. पण बारावीनंतरच "हॉस्पिटल मॅनेजमेंट"चा महागडा कोर्स घ्यायची घाई करू नका. साधी पदवी जवळ, कमी फीत करून मग एमबीए केलं तरी त्याच ठिकाणी पोहोचता येतं.

सीईटी : काय असतं, कशी तयारी करायची?

राज्यातल्या एमबीए-एमएमएस प्रवेशासाठी सीईटी कक्ष परीक्षा घेतो. पेपर संगणकावर. २०० प्रश्न, १५० मिनिटं. तर्कशक्तीचे ७५, अमूर्त तर्काचे म्हणजे आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. २०२४ ची परीक्षा मार्चमध्ये झाली होती, २०२५ ची एप्रिलच्या सुरुवातीला. फॉर्म त्याआधी दोन-तीन महिने निघतात. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची दिवाळी झाली की सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर लक्ष ठेवायचं.

मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीला घाबरतात. पण पेपरचा निम्मा भाग तर्कशक्ती आणि आकृत्यांचा आहे. तो सरावाने येतो, त्याला इंग्रजी शाळा लागत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे प्रश्न ओळखीचेच वाटतील.

आणि दवाखान्यात इंग्रजीइतकीच बोलीही लागते. मिरजेला सीमाभागातून, चिकोडी-अथणीकडून पेशंट येतात. मराठीबरोबर कन्नड बोलता येणारा आपल्याकडचा मुलगा रिसेप्शनवर आणि वॉर्डात किती उपयोगी पडतो, हे तिथल्या कुणालाही विचारा. बायोडेटात कन्नड लिहायला विसरू नका.

फी कमी कशी होते?

सगळ्यात महत्त्वाची ओळ ही : सरकारी फी सवलत हवी असेल तर प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्या.

• राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन देतं.

• मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो.

• ही सवलत खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तरी मिळत नाही. एजंट "सीट पक्की करतो" म्हणून मॅनेजमेंट कोट्यात घालतो आणि कुटुंबाची हक्काची सवलत जाते. हे आधी कळत नाही, महाडीबीटीवर अर्ज भरताना कळतं.

• बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवरच.

कागदपत्रांसाठी प्रवेशाची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस हे सगळं उन्हाळ्याआधीच काढून ठेवा. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. शिरोळ तहसील आणि इचलकरंजी प्रांत कार्यालयात जून-जुलैत दाखल्यांची गर्दी असते, हे प्रत्येक पालकाला माहीत आहे.

कर्ज काढायचं तर आधी हिशेब

शैक्षणिक कर्जात बँका साधारणपणे ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा मागत नाहीत आणि हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांच्या विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर बघून घ्या.

आता साधं गणित. समजा ४ लाख कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षांची फेड. महिन्याला हप्ता साधारण ६,६४० रुपये. ८ लाख घेतले तर १३,२८० रुपये. शिवाय कोर्स चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसला तरी व्याज चढत राहतं. ४ लाखांवर वर्षाला ४० हजार.

आता हा हप्ता पहिल्या पगारातून जाईल का? इथं स्पष्ट बोललेलं बरं. आपल्या भागातले बरेचसे दवाखाने लहान आहेत, डॉक्टर पती-पत्नी किंवा घरचंच माणूस कारभार बघतं. तिथं एमबीएवाल्याला मोठा पगार मिळत नाही. मोठी रुग्णालयं, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आणि पुण्या-मुंबईतल्या साखळी रुग्णालयांतच वर चढायला शिडी असते. तिथंही सुरुवात बिलिंग, टीपीए डेस्क, फ्लोअर किंवा फ्रंट ऑफिसवरूनच होते. रात्रपाळी असते. चिडलेल्या नातेवाइकांना तोंड द्यायला लागतं. "मॅनेजर" ही पाटी पहिल्या दिवशी मिळत नाही. शेत विकून किंवा सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना महागड्या खासगी संस्थेत जाण्याआधी हा हिशेब सगळ्या घराने बसून करा.

नोकऱ्या कुठं?

• रुग्णालय : ऑपरेशन्स, बिलिंग, टीपीए, मेडिकल रेकॉर्ड, खरेदी आणि स्टोअर, क्वालिटी विभाग. ज्या रुग्णालयांना एनएबीएच हे गुणवत्तेचं मानांकन हवं असतं, त्यांना क्वालिटीची माणसं लागतात.
• आरोग्य विमा कंपन्या आणि टीपीए : क्लेम तपासणी.
• लॅब आणि डायग्नोस्टिक साखळ्या, औषध कंपन्या, दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या.
• राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कार्यक्रम व्यवस्थापनाची पदं. ही कंत्राटी असतात आणि काही पदांना वैद्यकीय पदवीही लागते. प्रत्येक जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचा.

मिरजेत वानलेस रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये. कोल्हापुरात सीपीआर आहे. एवढी मोठी आरोग्याची बाजारपेठ राज्यातल्या फार कमी तालुक्यांच्या इतकी जवळ आहे. त्याचा उपयोग असा करा : प्रवेशाआधी सुट्टीत महिनाभर ओळखीच्या दवाखान्यात कामाला जा. पगार नसला तरी चालेल. बिलिंगला बसा, योजनेच्या फाइली बघा. जमतंय की नाही, ते महिन्यात कळतं. लाखभर फी भरून कळण्यापेक्षा हे स्वस्त.

फसवणूक कशी ओळखायची?

१. "सरकारमान्य" एवढंच लिहिलंय, कुणाची मान्यता ते नाही? थांबा. एमबीए आणि पीजीडीएमसाठी एआयसीटीईच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव शोधा. विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या यादीत बघा. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करतं.
२. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन एमबीए असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी त्या कोर्सला मंजुरी आहे का ते बघा. मागच्या वर्षीची मंजुरी यंदा चालत नाही.
३. सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं सर्टिफिकेट म्हणजे एमबीए नव्हे. कामापुरतं शिकायला ते ठीक, पण एमबीएची फी त्याला देऊ नका.
४. शंभर टक्के नोकरीची हमी कुणी देत असेल तर मागच्या बॅचमधल्या पाच मुलांचे नंबर मागा आणि स्वतः फोन करा. कुठं लागले, काय काम आहे, पगार हातात किती येतो, विचारा.
५. संस्थेचा कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे आणि इंटर्नशिप किती आठवड्यांची आहे? उत्तर गोलगोल आलं तर समजून घ्या.
६. पैसे रोख किंवा कुणाच्या खासगी खात्यावर कधीच नाही. संस्थेच्या खात्यावर भरा, पावती घ्या.
७. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कुणाकडेही "ठेवायला" देऊ नका.

शेवटी, कुणी करावं आणि कुणी नाही?

माणसांशी बोलायला आवडतं, कागद नीट ठेवायची सवय आहे, गोंधळात डोकं शांत राहतं, पाळी पडली तरी चालते, त्याने जरूर करावं. डॉक्टर होता आलं नाही म्हणून नुसतं दवाखान्याचं नाव लागावं, एवढ्यासाठी करणार असाल तर करू नका. आणि बीएएमएस-बीएचएमएसवाल्यांनी आधी ठरवावं : प्रॅक्टिस करायची की प्रशासन? दोन्ही दगडांवर पाय ठेवून दोन वर्षं आणि पैसे जातात.

आपल्या गावातून रोज कुणी ना कुणी मिरज-कोल्हापूरच्या दवाखान्यात जातंय. तिथल्या टेबलावर आपली भाषा कळणारा, योजनेचा कागद कुठं अडलाय ते सांगणारा, आपल्या मुलखातला शिकलेला माणूस बसला तर त्याची नोकरी होईलच, पण पन्नास कुटुंबांची धावपळही वाचेल.

*शुल्क, तारखा आणि सवलतीच्या अटी दर वर्षी बदलू शकतात. अर्ज भरण्याआधी सीईटी कक्ष आणि महाडीबीटीच्या अधिकृत वेबसाइटवर खात्री करा. माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर पाठवा.*